एकेचाळीस नंबरचा पाय

मंगळवार, ४ फेब्रुवारी

सकाळी कॉम्प्युटर चालू केला. पंखा फिरला, पडदा उजळला, पांढऱ्या अक्षरांच्या दोन ओळी आल्या आणि तिथेच थांबल्या. एरवी या वेळी पेटीच्या पोटातून घरघर येते आणि मग यादी उघडते. आज नुसतं टक, टक, टक. थोड्या वेळानं तेही बंद.

तीनदा बंद करून चालू केला. चौथ्यांदा हात लावायची भीती वाटली.

या पेटीत दोनशे सात माणसांचे पाय आहेत. वाकडे, आखूड, बोटं गेलेले, टाच नसलेले. ह्यांनी बावीस वर्षं एकेक पाय मांडीवर घेऊन मोजला आणि मी आकडे भरले. आकडे दिले की शेजारचं कोरायचं यंत्र, आमची कोरणी, लाकडाच्या ठोकळ्यातून त्या पायाचा फर्मा कोरून देते, आणि फर्म्यावर आम्ही बूट शिवतो. कोरणी फक्त याच पेटीचं ऐकते, नवा कुठलाही कॉम्प्युटर तिला चालत नाही. जुने फर्मे असते तरी भागलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी ह्यांना झटका आला, जिना चढणं संपलं, आणि फर्म्यांच्या खोलीत आमचा पलंग आला. फर्मे मीच काढून टाकले. म्हटलं, आकडे आहेत की.

ह्यांना सांगितलं, "हार्ड डिस्क गेली बहुतेक." हे खुर्चीतून बघत राहिले. ह्यांना हल्ली तीनच शब्द येतात: हो, नको आणि अगं. त्यातला एकही म्हणाले नाहीत.

आणि नेमक्या आजच टपालबाई आल्या. गेली सव्वीस वर्षं त्या या भागात पायी टपाल वाटतात. साखरेच्या आजारानं दोन्ही पावलं बधिर झालीत, डाव्या पायाची दोन बोटं तर आमच्याकडे येण्याआधीच गेली होती. खिळा घुसला तरी त्यांना कळायचं नाही. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की आता एक जखम झाली तर पाऊल राहीलच असं नाही. म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत नवा जोड. यादीत त्यांचा नंबर एकेचाळीस.

"वहिनी, हे बूट म्हातारे झाले," त्या म्हणाल्या. "माझ्याआधीच निवृत्त होणार असं दिसतंय." त्यांच्या निवृत्तीला अजून चौदा महिने आहेत.

"मागचा जोड बरा होता ना?"

"झकास. जरा निराळा वाटला, पण मला काय कळतंय! घोट्याच्या खाली माझं राज्य नाही."

"दहा दिवसांत देते," मी म्हणाले. का म्हणाले कुणास ठाऊक. निघून गेलं तोंडातून.

बुधवार, ५ फेब्रुवारी

ट्रान्झिस्टर काका येऊन गेले. सत्तरी ओलांडलीय, पण हात सुईत दोरा ओवायच्या तोलाचा. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, तेव्हापासून त्यांचं खरं नाव कुणी घेत नाही. त्यांनी पेटीचं झाकण काढलं, आत फुंकर मारली, आणि इतकी धूळ उडाली की दोघंही शिंकत बसलो.

"ताई, ही आजीबाई आहे," काका म्हणाले. "असल्या डिस्का आता कुणी बनवत नाही. जुनी मिळाली तरी तीही हिच्याच वयाची, आज ना उद्या तिचाही नंबर लागायचा. त्यापेक्षा कार्ड बसवू. कॅमेऱ्यात घालतात तसलं. फिरत नाही, झिजत नाही."

"आणि त्यात माझे पाय येतील?"

"कार्ड कोरं असणार. पायांची दुसरी प्रत आहे का कुठे?"

तेव्हा मला बरं वाटलं. कारण आहे! दर शनिवारी काम संपलं की मी फ्लॉपीवर सगळी प्रत काढते. ह्यांनीच शिकवलं होतं, कार्ड-बिर्ड नव्हतं तेव्हा. 'फ्लॉपी घालायची, विचारेल तेव्हा एंटर दाबायचं, झालं.' झटका आला त्या शनिवारी तेवढी चुकली. बाकी एकही नाही.

"शाब्बास," काका म्हणाले. "लोकांना दात घासायला सांगावं लागतं तसं हे सांगावं लागतं. तुम्ही पहिल्याच."

कितीतरी दिवसांनी मला कुणी शाब्बास म्हटलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

नीट लिहून काढते. म्हणजे काय झालं ते मला तरी कळेल.

काकांनी जुनी डिस्क काढली. विटेएवढी, जड. तिच्या जागी बिस्किटाएवढं कार्ड एका हिरव्या पट्टीवर बसवलं आणि तीच चपटी वायर जोडली. पेटीला कार्ड ओळखता येईना. तिच्या मते एवढी मोठी वस्तू जगात असूच शकत नाही. मग काकांनी तिला खोटेच आकडे भरून सांगितलं, की ही तुझ्यासारखीच एक जुनी, छोटी डिस्क आहे. "कधीकधी खोटं बोलावं लागतं," म्हणाले. पेटीनं ऐकलं. मूळ फ्लॉपी पत्र्याच्या डब्यात होत्या, त्यावरून कोरणीचा प्रोग्रॅम चढवला. यादी उघडली. 'एकूण ग्राहक: ०.'

मग मी शनिवारची फ्लॉपी दिली.

पडद्यावर आलं: ही दोन नंबरची फ्लॉपी आहे. एक नंबरची घाला.

काकांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "एक नंबरची?"

"एकच आहे."

"ताई, प्रत काढताना मध्येच ती दुसरी फ्लॉपी मागायची का?"

मागायची. सुरुवातीला नाही, पण मागची आठ-नऊ वर्षं मागायची. मधेच थांबायची, काहीतरी ओळ यायची, आणि मी एंटर दाबायचे. विचारेल तेव्हा एंटर दाबायचं. मला वाटायचं, चालू ठेवू का असं विचारतेय. फ्लॉपी तीच आत. म्हणजे दर शनिवारी मी पहिला अर्धा भाग लिहायचे, आणि मग त्याच फ्लॉपीवर दुसरा अर्धा लिहून पहिला पुसून टाकायचे. दर शनिवारी. न चुकता.

काकांना हसू आलं असावं, पण त्यांनी ते खोकल्यात घातलं. मला ते हसले असते तर चाललं असतं.

ह्यांना सांगितलं नाही. "काम चालू आहे" म्हटलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

पहिल्या भागात सुरुवातीचे शंभरेक असणार. एकेचाळीस त्यात.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

टपालबाई पत्रं द्यायला आल्या आणि बाकावर बसल्या. एरवी त्या बसत नाहीत. 'बसले की पिशवी जड होते' म्हणतात. पायात मोज्यांचे दोन दोन जोड होते.

"थंडी वाजते का हो?" मी विचारलं.

"बूट सैल पडले ना, म्हणून भर घातली. तुझे नवे आले की काढते. अगं, उद्या शुक्रवारी दहा दिवस होतात बरं का!"

"पुढचा आठवडा धरा. चामडं मनासारखं आलं नाही."

हे दुसरं खोटं. चामडं कपाटात आहे, फर्स्टक्लास. आता वाटतं, तेव्हाच सांगायला हवं होतं की आकडे गेले. मोठ्या दवाखान्यातही असे बूट करतात. तिथे नंबर लागायला दोन महिने लागतात, पण नाव तरी नोंदवलं असतं त्यांनी, किंवा रजा टाकली असती. पण सांगायचं म्हणजे फ्लॉपीचंही सांगायचं. आणि एकदा टपालबाईंना कळलं की घरोघर कळणार, त्या पत्रांबरोबर बातम्याही वाटतात. मग दोनशे सात माणसं दारात उभी राहणार. आणि सगळ्यात आधी ह्यांना कळणार.

हे आज उगाच चिडचिड करत होते. काठीनं टपालबाईंच्या बुटाला सारखे टोचत होते. "अगं. अगं." मला लाज वाटली. टपालबाई हसल्या. "मास्तर, बूट तुम्हीच केलाय, आता शिक्षा माझ्या पायाला का?" म्हटलं, मागचा जोड ह्यांनी नाही, मी केलाय. ह्यांच्या आकड्यांवर.

"होय का," त्या म्हणाल्या. "तरीच."

तरीच काय, ते विचारायचं राहिलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काकांनी फ्लॉपीतून दुसरा भाग उकरून काढला. कसा ते त्यांनी समजावलं, मला समजलं नाही. एकशे अठरापासून पुढचे नव्वद पाय परत आले. यादीत नावं एकेक करून उमटताना मी खुर्चीची कड धरून उभी होते. एकशे अठराच्या आधी काही नाही.

"नव्वद म्हणजे कमी नाहीत," काका म्हणाले.

"पण मला एकेचाळीस हवाय."

"मग त्या बाईंना बोलवा आणि माप घ्या. पाय तर आहे ना जागेवर?"

किती सोपं वाटतं लोकांना.

सोमवार, १७ फेब्रुवारी

माप का घेत नाही? हे कुणी विचारण्याआधी मीच लिहिते.

साधा पाय मी मोजू शकते. बूट घालून बघायचा, विचारायचं, 'लागतंय का?' तो सांगतो. बधिर पाय सांगत नाही. तो गप्प बसतो आणि आतल्या आत कुजतो. ह्यांना विचारावं लागत नसे. पाऊल हातात घेऊन हे पाच-पाच मिनिटं नुसते बसायचे, डोळे मिटून. मी तिकडे पाहायचेही नाही. मला ते पाय बघवत नाहीत. हे कुणाला सांगितलेलं नाही. एवढी वर्षं पायांच्या दुकानात राहून मला पाय बघवत नाहीत. मला आकडे आवडतात. आकड्यांना वास नसतो.

ह्यांना झटका आल्यावर एकदाच मी बधिर पायाचं माप घेतलं होतं. चौकातल्या रखवालदाराचं. तो जोड घेऊन गेला तो परत आला नाही. दुसरीकडे जायला लागला, की गाव सोडलं, की काय, मी चौकशी केली नाही. चौकात जाणं मात्र सोडलं. भाजीला लांबच्या रस्त्यानं जाते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज सगळंच बिनसलं.

काल टपाल येऊन गेल्यापासून दुकानात कसलासा वास. चिकटवायच्या खळीचा डबा उघडून पाहिला, तळाला खपल्या धरल्या होत्या. फेकला. तरी वास. खिडक्या उघडल्या.

टपालबाई दहा वाजता आल्या, म्हणजे नेहमीपेक्षा तासभर उशिरा. बाकावर बसल्या, पाणी मागितलं, दोन पेले प्यायल्या. डाव्या बुटाची नाडी पूर्ण सोडलेली.

"वहिनी, खरं सांग, होतायत का बूट?"

"मंगळवारी नक्की."

"नक्की म्हणजे नक्की? नाहीतर मी आपली दुकानातला तयार जोड घेते, दोन आठवड्यांपुरता."

"छे छे, तयार बूट अजिबात घालू नका," मी म्हणाले. "थांबा थोडं." किती अधिकारानं म्हणाले! आणि पुढे म्हटलं, "नाडी अशी सोडून चालू नका, पडाल."

"बांधली की आत मावत नाही ग. संध्याकाळपर्यंत सुजतात. वय झालं."

तेवढ्यात हे खुर्चीतून खाली झुकले. सरळ त्यांच्या पायाकडे. चांगला हात लांब केलेला. तोल गेला आणि जमिनीवर येणारच होते, टपालबाईंनीच खांद्याला धरलं. मी ह्यांच्यावर ओरडले. टपालबाईंसमोर. "एका जागी बसवत नाही का? मी एकटी काय काय बघू?" ह्यांचे डोळे भरले. मला वाटलं पडण्याच्या भीतीनं. आत नेऊन झोपवलं, तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

टपालबाई पिशवी उचलून गेल्या. त्यांनाही वाईट वाटलं असणार, मी ह्यांना बोलले म्हणून.

सोमवार, २४ फेब्रुवारी

मिळाला! एकेचाळीस मिळाला!

काका सकाळीच आले, जुनी डिस्क हातात खेळवत. म्हणाले, आठवडाभर विचार करतोय. आतली तबकडी चिकटून बसली असेल, म्हणून फिरत नाही. एक उपाय आहे, पण तो एकदाच चालतो आणि बहुतेक वेळा चालत नाही.

"करा."

"चालला तरी पाच-सात मिनिटं मिळतील. त्यात सगळे पाय येणार नाहीत. आधी कुठला ते ठरवून ठेवा."

"एकेचाळीस."

त्यांनी डिस्कला वायरी जोडल्या, तळहातावर सपाट धरली आणि मनगटानं असा हिसका दिला, कुलूप उघडताना किल्ली फिरवावी तसा. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्या हिसक्याला घरघर! वीस दिवसांनी तीच घरघर. मी रडायलाच लागले. काका ओरडले, "रडू नका, नंबर सांगा!" एकेचाळीस आला. मग एक, दोन, तीन असे ओळीनं घेत गेलो. अकरा नंबरवर टक टक सुरू झालं, बारावर सगळं थंड. पुन्हा कितीही हिसके दिले तरी नाही.

एकूण बारा पाय. पण त्यात एकेचाळीस आहे.

ह्यांना जाऊन सांगितलं. "तुमचे आकडे, जसेच्या तसे!" मी ह्यांचा हात हातात घेतला. ह्यांनी तो सोडवून घेतला. "नको," म्हणाले. मग पुन्हा, "नको. अगं." आणि चांगल्या हातानं हवेत काहीतरी लिंपल्यासारखं, चिकटवल्यासारखं करत राहिले, थरावर थर. भूक लागली असेल म्हणून खिमट करून आणलं. ढकलून दिलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मंगळवार चुकला, पण आता दोष देण्यासारखं काही नाही. फर्मा कोरून झाला, वरचं कातडं ओढून झालं, तळ बसला. डावा-उजवा शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत बसले. इतका सुरेख जोड मी आजवर केलेला नाही. उद्या टपालबाई येतील.

आज मनात आलं, कुणाला काही कळलंच नाही. झालं ते झालं, आणि निस्तरलंही. राहिलेल्यांची मापं एकेक करून काहीतरी कारण काढून घेता येतील.

शनिवार, १ मार्च

त्यांनी उजवा बूट काढला. डावा निघेना. मी ओढला. मोजा बुटातच चिकटून आला.

तळपायाला, बोटांच्या मुळाशी, रुपयाएवढं काळं. त्याच्या कडेनं ओलं. वास तोच, दहा दिवस जो मी खळीच्या डब्यात शोधत होते.

मी म्हणाले, "हे कधीपासून?"

"काय कधीपासून?" त्या म्हणाल्या. त्यांनी पाहिलंच नव्हतं. वाकून तळपाय दिसत नाही आणि कळत तर नाहीच. "काय आहे ग? मोज्याला डाग पडायचे. मला वाटलं बुटाचा रंग जातोय."

हे खुर्चीतून बघत होते. ह्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं. मला तेच जास्त लागलं.

नवा जोड बाकावर तसाच. त्यात तो पाय बसलाही नसता.

रविवार, २ मार्च

दवाखान्यात दाखल केलं. त्यांचं जवळचं कुणी नाही, एक भाऊ आहे तो लांब. फॉर्मवर 'नातं' या रकान्यात काय लिहायचं विचारलं. टपालबाई पलंगावरून ओरडल्या, "बुटांची वहिनी लिहा!" नर्स हसली. त्यांनाच हसू सुचतंय.

डॉक्टरांनी जुना बूट उलटसुलट पाहिला, आत हात घालून चाचपला. विचारलं, "हा कुणी केला?"

"मी."

"त्याआधीच्या पंधरा जोडांत यांनी कधी माझ्याकडे असलं काही आणलं नाही. हा इथे दाबतोय. आणि हा दाब महिन्याभराचा नाही, वर्षाचा आहे. बूट नवा होता तेव्हा जाड मोज्यानं निभावलं असेल. मऊपणा गेल्यावर कातडीनं हार मानली."

म्हणजे आकडे बरोबर होते तरी बूट चुकला. मी कोरणीतून निघाला तसा फर्मा घेतला. आणि हे? मी बाहेरच्या बाकावर बसून आठवत राहिले. कोरणीतून फर्मा आला की हे तो घेऊन मागे जायचे, चामड्याचे पातळ तुकडे घेऊन. तासभर दार लोटलेलं असायचं. मला वाटायचं, घासून गुळगुळीत करतात. नाही, जिथे पाय दाबेल तिथे फर्मा जाड करत होते. परवाचं ते हवेत लिंपणं. थरावर थर. आणि मी खिमट आणलं.

मग चौकातला रखवालदार.

बुधवार, १२ मार्च

अंगठ्याशेजारचं बोट काढलं. हाडापर्यंत गेलं होतं. पाऊल राहील का, ते आणखी आठ-दहा दिवसांनी कळेल. चालायचं नाही. एक पाऊलही नाही.

टपाल कचेरीतून माणूस येऊन गेला. बरं झाल्यावर त्यांना टेबलावर बसवणार, पत्रं लावायला. सव्वीस वर्षांत त्या कामावर कधी बसलेल्या नाहीत. माणूस गेल्यावर त्या खिडकीकडे बघत म्हणाल्या, "आता निळ्या दाराच्या म्हातारीला कोण सांगणार की मुलाचं पत्र आज नाही आलं? नवा माणूस नुसता पुढे जाईल." एवढंच. मग त्या रडल्या. त्यांना रडताना मी कधी पाहिलं नव्हतं.

मी आज सांगणार होते. सांगितलं नाही.

शनिवार, १५ मार्च

सांगितलं. डिस्क, फ्लॉपी, चामड्याचं खोटं, मंगळवारचं खोटं. रखवालदारही. मागचा जोड कशानं चुकला तेही. त्या ऐकत होत्या आणि पांघरुणाचा एक धागा ओढत होत्या. धागा बराच लांब आला.

"मी तयार जोड घेते म्हटलं, तेव्हा तूच नको म्हणालीस."

"हो."

"सांगितलं असतंस तर मी बसले असते का घरी? नसते बसले. तेवढी अक्कल मला कुठली! पण ते माझं मी ठरवलं असतं. पाय माझा होता. तू मला नुसती मंगळवार, शुक्रवार करत राहिलीस, दुधाचे पैसे बुडवणाऱ्यासारखी."

मी पिशवी मांडीवर घेतली.

"जा आता," त्या म्हणाल्या. "आज नको बसूस इथे."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा मागून हाक आली. "आणि त्या रखवालदाराचं बघ आधी. इथे रडून काय होणार?"

सोमवार, १७ मार्च

चौकात गेले. रखवालदार तिथे नाही. नवा आहे. तो म्हणाला, जुन्याचा पाय कापला, तो मुलीकडे राहायला गेला, पत्ता माहीत नाही.

दुसरं काही लिहवत नाही.

शनिवार, २२ मार्च

पाऊल राहणार. डॉक्टर एवढंच म्हणाले आणि पुढच्या पलंगाकडे गेले. मी जिन्यात बसले.

ह्यांच्या झटक्यानंतर मी नुसत्या आकड्यांवर केलेले जोड मोजले. सदतीस. त्यातले बधिर पायांचे, टपालबाई सोडून, एकोणीस. त्या एकोणिसांना आजपासून पत्रं लिहायला घेतली. आधी लांबलचक लिहिलं, कसं झालं, का झालं. फाडलं. आता एवढंच: 'मी दिलेले बूट घालू नका. ते चुकीचे असू शकतात, चूक माझी आहे. आज घरी कुणाला तरी तळपाय बघायला सांगा. काही दिसलं तर आधी डॉक्टरकडे जा, मग माझ्याकडे या.'

पत्ते बिलबुकातले, जुने आहेत. गठ्ठा घेऊन दवाखान्यात गेले. टपालबाई माझ्याशी धड बोलत नव्हत्याच, पण पाकिटं पाहिल्यावर हात पुढे केला. "आण इकडे. हा माणूस मागल्या गल्लीत गेला राहायला. ही वारली, हिच्या मुलीला उगाच धक्का देऊ नकोस. आणि याला लिहून काही होणार नाही, याला वाचता येत नाही. याच्याकडे स्वतः जा."

त्यांनी माझा पेन घेतला आणि सहा पत्ते बदलले. पेन परत देताना माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार, १० एप्रिल

एकोणिसांपैकी तेरा आले. दोघांच्या पायाला सुरुवात झाली होती, वेळेत कळलं. चौघांचं उत्तर नाही. एक जण दारातच मला वाट्टेल ते बोलला आणि बूट आत फेकून गेला. त्याचं काही चुकलं नाही.

मोजायला मी हे समोर असतील तिथेच बसते. हे काही दाखवत नाहीत, दाखवता येतही नाही. मी चुकीच्या जागी थर चिकटवला की "नको" म्हणतात. दिवसातून चाळीस-पन्नास वेळा नको. हो फार क्वचित. संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यात नुसतं नको नको वाजत असतं.

शनिवार, १९ एप्रिल

आज टपालबाई रिक्षातून आल्या. कुबड्या घेऊन. जखम भरलीय, डॉक्टरांनी सध्या घालून बघण्यापुरती परवानगी दिलीय. तासभर बुटात पाय ठेवून बसायचं, मग काढून बघायचं.

मी त्यांचा डावा पाय मांडीवर घेतला. तीन बोटांची जागा आणि दोन बोटं. थंड, जड. डोळे मिटावेसे वाटले. मिटले नाहीत. त्यांना स्पर्श कळत नाही, म्हणून त्या पायाकडे बघतच नव्हत्या. त्या माझ्या चेहऱ्याकडे बघत होत्या. आजवर ह्यांच्याही चेहऱ्याकडेच बघत आल्या असणार.

नवा बूट चढवला. पाच दिवस घालवले होते त्या फर्म्यावर, दोनदा सगळे थर उचकटून पुन्हा लावले, ह्यांनी शेवटी एकदा हो म्हटलं होतं. त्या तास बसल्या. ह्यांच्याशी बोलत होत्या. नव्या टपालवाल्याची नक्कल केली, हे हसले.

तासानं बूट काढला, मोजा काढला. खिडकीपाशी नेऊन उजेडात पाहिलं.

"काय दिसतंय?" त्यांनी विचारलं.

अंगठ्याच्या मुळाशी एक लाल ठिपका होता. अगदी फिकट. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. मनात आलं, चालण्यानं बूट तिथे सैल पडेल. मनात आलं, एवढ्या लांबून रिक्षा करून आल्यात.

"लाल आहे," मी म्हणाले. "अंगठ्यापाशी. चुकलाय बूट."

"खरंच?"

"खरंच. आठ दिवस लागतील पुन्हा करायला. दहाही लागतील. मंगळवार म्हणणार नाही."

त्यांनी कुबड्या भिंतीला टेकवल्या आणि पाय पुन्हा माझ्या मांडीवर ठेवला.

"कर पुन्हा," त्या म्हणाल्या. "मी बसते."